राक्षसाला काय हवं

नको, खुर्ची नको बाई, मी इथेच पायरीवर टेकतो — आणि भांडायला आलेलो नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो, कारण तुमच्या मदतनीस बाई आतून माझ्याकडे अशा बघतायत की मी जसा काय बालवाडीचे पत्रे उचकटायला आलोय. मी प्रभाचा बाप. दत्ताराम. ती निळ्या रिबिनीवाली, पुढे बसते ती, रत्नप्रभा — हां, तीच. तुम्ही मला ओळखणार कशा, मी या वेळेला कधी येतच नाही, सोडायला येते तिची आई आणि न्यायला येते शेजारची चंपा. मी असतो गाळ्यावर. असल्फ्याला खाली बुचांचा गाळा आहे बघा, बाटल्यांची बुचं पाडतो आम्ही, तिथे. आज अर्धा दिवस टाकून आलो. मालक म्हणाला, काय रे दत्त्या, कोण मेलं काय? मी म्हटलं मेलेलं कोण नाही, पोरीच्या बाईंकडे काम आहे. तर तो हसायला लागला — बालवाडीच्या बाईंकडे कसलं आलंय काम? काय सांगणार त्याला. तुम्हाला तरी कसं सांगू ते कळत नाहीये, आग्रा रोड ओलांडेपर्यंत सगळं तोंडात तयार होतं आणि आता तुम्ही समोर बसलात तर — जाऊ दे, मुद्द्याचंच बोलतो. आत पोरं चित्रं काढतायत तेवढा वेळ द्या मला.

माझी पोर माझ्याजवळ येत नाही बाई. होळीपासून येत नाही. आधी कशी होती माहितीय? मी कामावरून आलो की चप्पल काढायच्या आत पाठीवर. माझ्या ताटात जेवायची, माझ्या अंगावर पाय टाकून झोपायची, विमला, म्हणजे हिची आई, म्हणायची जन्म मी दिला आणि पोर तुझी झाली. आणि आता मी घरात शिरलो की ही आईच्या मागे. पदर धरून. ओरडत नाही, रडत नाही, हट्ट नाही, काही नाही — नुसती बघते. रस्ता ओलांडताना बोट पुढे केलं तर हात पाठीमागे घेते. परवा ट्रक येत होता हो, मी म्हटलं धर गो बोट, तर फ्रॉक धरून उभी राहिली, पण बोट धरलं नाही. मला जेवण जात नाही बाई. मशीनवर हात चालतो आणि डोकं तिच्याकडे. बुचं वाकडी पडतात, मालक शिव्या घालतो, घालू दे. म्हणून म्हटलं तुमच्याकडे यावं, कारण ती तुमचं ऐकते. घरात सारखं बाईंनी असं सांगितलं, बाईंनी तसं सांगितलं. तर तुम्ही तिला एवढं एकच सांगा — की राक्षस खोटा असतो. गोष्ट खोटी असते. बस.

कुठला राक्षस? मीच तो. म्हणजे तुम्हाला सांगितलंच नाही ना मी. आम्ही कोकणातले, कुडाळकडचे, आमच्याकडे दशावतार असतो — तुम्ही घाटावरच्या ना? मग नसेल बघितलात. रात्री देवळासमोर नाटक करतात, देव, राजा, राणी, राक्षस, बाजूला पखवाज, झांज आणि पायपेटी, बायकांची कामंही पुरुषच करतात. गावात पहाटेपर्यंत चालतं, इथे आमच्या मंडळाच्या होळीच्या पूजेला आपलं छोटं करून, शेजारी ओरडायच्या आत संपवायचं. आम्ही सगळे मिलवाले. आता मिलवाले म्हणजे कसले, पूर्वीचे. मी साच्यावर होतो, धोंडिराम वाइंडिंगला, शिवदास डोफर, भरलेल्या बॉबिना काढायचा. संपात सगळ्यांची वाट लागली, कोण कुठे, कोण कुठे, पण पूजेला जमतो. धोंडिराम राणी होतो. शिवदास राजकन्या — चाळिशीचा बाप्या, हात असे फावड्यासारखे, पण नथ घालून लाजला ना की बायका तोंडाला पदर लावतात. आणि राक्षस मी. कायम मीच. आवाज आहे माझा, उंची आहे. तोंडाला लाल रंग, या गालापासून त्या गालापर्यंत मिशा, पुठ्ठ्याचा मुकुट, आणि मंचावर आलो की पहिली आरोळी अशी द्यायची की पुढची पोरं मागे सरकली पाहिजेत. ऐकवू का? नको, हो, आतली पोरं घाबरतील. राहू दे.

तर यंदा आम्ही जे लावलं, त्यात राक्षसाला मूल नसतं. आमचंच रचलेलं आहे ते, पोथीतलं नाही. मूलबाळ नाही म्हणून तो मामाचं सोंग घेऊन राजवाड्यात येतो, राजा शिकारीला गेलेला, आणि राजकन्येला गोड बोलून न्यायला बघतो. शेवटी देव येतो, युद्ध होतं, राक्षस मरतो. मी मेलो की टाळ्या. प्रभा पुढेच बसलेली, चटईवर, चंपाच्या मांडीला टेकून. दरवर्षी बसते. मागच्या वर्षी मी मेलो तेव्हा ही मोठ्याने म्हणालेली, बाबा उठतील आता, त्यांना चहा प्यायचाय. सगळा मांडव हसला होता. आणि यंदा मेलो, उठलो, मुकुट काढून मागे गेलो, तर पोर नाही. चंपा म्हणाली मध्येच उठून घरी पळाली. आईजवळ जाऊन झोपली. तेव्हापासून हे असं.

आता मी म्हणतो, घाबरली असेल. लहान आहे. मी काय अडाणी नाही बाई, मला पण कळतं पोराला कसं समजवायचं. दुसऱ्या दिवशी, रविवार होता, मी तिला समोर बसवलं आणि तिच्या देखत तोंड रंगवलं. हा बघ लाल रंग. ह्या बघ मिशा, काजळाच्या. हा मुकुट, ह्याच्या आत बघ, बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा, नाव पण दिसतंय. मग खोबरेल तेल लावून पुसलं सगळं. बाई, तिने मला तेलाची वाटी धरली. कानामागे रंग राहिला होता तो बोटाने दाखवला. म्हणाली, इथे राहिलंय. मी खूश झालो, म्हटलं सुटलं. आणि हात पुढे केला तर ती वाटी ठेवून उठली.

काय म्हणता? माहीत आहे तिला? तुम्हाला म्हणाली ती? की राक्षस म्हणजे माझे बाबाच, आणि मुकुट पुठ्ठ्याचा — असं म्हणाली?

मग कशाला घाबरते ती? मग — हे बघा बाई, राग मानू नका, पण याच्यात तुमचा पण थोडा हात आहे. आहे. मी एकदा नळावरून पाणी घेऊन येताना तुमच्या त्या खिडकीशी थांबलो होतो. तुम्ही गोष्ट सांगत होतात. आमच्या वेळी गुरुजी गोष्ट सांगायचे, संपली की फळ्यावर लिहायचे तात्पर्य, आम्ही ते घोकायचो, संपला विषय. खोटं बोलू नये, आळस करू नये, घरी जा. तुमचं भलतंच. गोष्ट अर्ध्यात थांबवलीत आणि विचारायला लागलात — याला काय हवंय? का हवंय? आणि नाही मिळालं तर याचं काय होईल? आणि पोरं सांगतायत एकेक. दुष्ट असेल त्याच्याबद्दल पण तेच विचारायचं म्हणे, त्याला काय हवंय, का हवंय. मला तेव्हा मजा वाटली. मी विमलाला म्हटलं, झकास बाई आहेत, पोरांना वकील करतील. पण बाई, पाच वर्षांच्या पोरीला हे शिकवलंत आणि तिने ते घरी आणलं. आता तिच्या तोंडात तेच. घरमालक आला पत्र्यांबद्दल बोलायला, तर ही दारात उभी राहून विचारते, यांना काय हवंय? का हवंय? विमला हसली. मालक पण हसला. शांताबाईंची शाळा, म्हणाला, म्हणजे तुमची. मग एक दिवस मी तिला गोळा घेऊन दिला, बर्फाचा, आणि ती गोळा हातात धरून माझ्याकडे बघत बसली आणि म्हणाली, बाबा, तुम्हाला काय हवंय?

काही नाही. म्हणजे मी तिला तसंच सांगितलं, काही नाही गो, खा. गोळा वितळत होता. खा लवकर.

पण ते सोडा. मी नाटकाचं सांगत होतो. त्या रात्री एक चूक झाली माझी, ती तुम्हाला सांगितली पाहिजे, त्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. आमच्या दशावतारात ना बाई, लिहिलेलं काही नसतं. पाठांतर नाही. कथा तेवढी ठरलेली — हा येणार, तो जाणार, मग युद्ध. बोलायचं काय ते ज्याचं त्याने, जागेवर, जसं सुचेल तसं. म्हणून तर मजा. शिवदास मुद्दाम मला अडकवायला बघतो, वाकडे प्रश्न विचारतो, आणि मी सोडवून घेतो, लोक टाळ्या देतात. आणि बोलायचं ते शुद्ध बोलायचं. राजा, राक्षस, देव यांनी मालवणी बोलायचं नाही. मालवणी बोलणार तो भटजी, नोकर, हसवणारे. राक्षसाने म्हणायचं — हे बालिके, तुझ्या नेत्रांत अश्रू का! असं. लहानपणापासून करतोय मी, झोपेत बोलेन. तर त्या रात्री मी मामाचं सोंग घेऊन आलो, गोड बोललो, सगळं बरोबर चाललेलं, आणि शिवदासने नथ हलवत विचारलं, मामा, मला का नेता? माझी आई तर इथे आहे. आणि मला काही सुचेना बाई. पखवाजवाला वाट बघतोय. लोक वाट बघतायत. मी तोंड उघडलं आणि आलं ते मालवणी आलं. चल गो बाय, थंय तुझी मोठी आये वाट बघता. हंय काय आसा? हंय पानी नाय, जागा नाय. थंय आंबे आसत, न्हंय आसा, थंय तू एकटीच लाडाची. रडा नको. आणि आयेक आता सांगा नको.

लोक खो खो हसले. राक्षस मालवणी बोलला म्हणून. टाळ्या, शिट्ट्या. धोंडिराम नंतर म्हणाला, हे दरवर्षी ठेव, दत्त्या. लोकांना वाटलं मी मुद्दाम केलं. मी पण हसत हसत पुढे नेलं, मेलो, उठलो.

कुठून सुचलं म्हणजे? सुचतं जागेवर, सांगितलं ना. जागेवर येतं.

तुम्ही अशा बघू नका बाई. तुम्ही पोरांकडे पण असंच बघता का, प्रश्न विचारून गप्प बसायचं? बरोबर आहे, मग पोरं बोलतातच. — ते आधी बोललेलं होतं. त्या गोळ्याच्या दिवशी. तिने विचारलं ना, तुम्हाला काय हवंय, तेव्हा मी आधी काही नाही म्हटलं, आणि मग सांगितलं. तेच. असंच. मोठी आई वाट बघते, आंबे आहेत, नदी आहे. आणि आईला आता सांगू नको. शब्दनशब्द तेच. मी रात्री जागा राहून जुळवलं होतं हो, पोरीला कसं सांगायचं, न रडवता कसं सांगायचं, पंधरा वेळा मनात म्हटलं असेल. तेच डोक्यात बसलेलं. तेच आलं मंचावर.

मोठी आई म्हणजे माझी वहिनी. लवूदादाची बायको. लवूदादा माझा थोरला भाऊ, गावी असतो, घर, भाताचे चार कुणगे, दोन आंब्याची झाडं, एवढंच, पण देवमाणूस. त्यांना मूल नाही. सगळं करून झालं, नाही तर नाही. संपात आम्ही बिऱ्हाड घेऊन त्यांच्याकडे गेलो तेव्हा प्रभा दुडूदुडू चालायची. विमलाला तापाने धरलं, अंथरुणातून उठेना, तेव्हा पोरीला वहिनीने वाढवलं. भरवायची, न्हाऊ घालायची, पडवीत झोपाळ्यावर घेऊन बसायची. आम्ही परत निघालो तेव्हा वहिनी दारात आली नाही. आतच बसली. चुलीपाशी.

आणि यंदा जत्रेला, होळीच्या आधी, मी एकटा गेलो. आमच्याकडे जत्रेत देवासमोर गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस मोठ्याने देवाला सांगतो, बा देवा म्हाराजा, अमक्याचं असं होऊ दे, तमक्याचं तसं होऊ दे, आणि सगळ्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. प्रत्येक मागण्याला. सगळा गाव एका आवाजात म्हणतो. तर तो म्हणाला, लवूच्या घराचो दिवो पेटतो रवांदे, लवूच्या पडवेत पोर खेळांदे. मी म्हटलं व्हय म्हाराजा. सगळ्यांनी म्हटलं. मी तर सगळ्यात मोठ्याने म्हटलं, माझा आवाज असा, आणि भाऊ माझा. बाजूचे वळून बघायला लागले. घरी आलो, जेवायला बसलो, आणि वहिनीने भात वाढता वाढता म्हटलं, भावजी, देवान ऐकल्यान. विमलाक दुसरा होतला ना आता? मगे प्रभा माका दी.

विमलाला दिवस गेलेत, हो. तुम्हाला माहीत नसेल, कळत नाही अजून.

काय बोलणार होतो मी? सांगा. ताटात त्यांचा भात. समोर दादा, मान खाली घालून जेवतोय, बोलणारच नाही तो कधी. आणि घटकाभरापूर्वी मी देवळात सगळ्या गावासमोर व्हय म्हटलेलं. तेच तोंड नाही कसं म्हणेल? मी म्हटलं व्हय. घास तोंडात होता. तसंच म्हटलं. वहिनी तिथेच खाली बसली, कालथा हातात घेऊन, आणि रडली.

नाही. विमलाला नाही माहीत. विमलाला वाटतंय सुट्टीला जाते, मे महिना आंबे खाऊन येईल. तिने नवीन फ्रॉक शिवलाय. येत्या रविवारची एसटी आहे, मी सोडायला जाणार, आणि एकटा परत येणार, आणि मग सांगणार तिला. काय सांगणार ते अजून जुळवतोय. सांगेन, राहायला तयार झाली गो, तिला तिथे आवडलं. सांगेन, शाळेत घातली दादाने. मी काय परक्याला देतोय काय, तिचेच काका-काकू ते, वाईट काय आहे त्यात? इथे काय आहे तिला? पावसात भिंतीला ओल, पाण्याला रांग, एक खोली, त्यात आता बाळ येणार. तिथे एकटीच लाडाची — बघा, परत तेच आलं तोंडात. तेच तेच येतं. मला दुसरं सुचतच नाही बाई, दिवसभर दुसरं काही सुचत नाही.

तर म्हणून आलो. आता सगळं सांगितलंच आहे तर उघड मागतो. तुम्ही तिला समजवा. नाटक वेगळं, घर वेगळं. गोष्टीतला तो राक्षस, आणि बाबा ते बाबा. राक्षस वाईट असतो म्हणून नेतो, आणि बाबा — बाबा चांगल्यासाठी नेतात. एवढं तिच्या डोक्यात भरवा. रविवारी ती माझं बोट धरून एसटीत चढली पाहिजे. तशीच आईचा पदर धरून उभी राहिली ना, तर विमला विचारेल, काय झालं गो? आणि मग सगळं — म्हणून. ती लहान आहे, तिला गोष्ट कळलेली नाही, तुम्ही कळवा. तुमचं कामच ते. गोष्ट कशी समजायची ते तुम्हीच शिकवता ना पोरांना? मग हिला का नीट शिकवलं नाहीत?

काय? कधी सांगितली? इथे? वर्गात, सगळ्यांसमोर?

सोमवारी. तुम्ही म्हणालात कोणी नवीन गोष्ट बघितली असेल तर सांगा, आणि ही उठली. बरं. मग? राक्षसाची सांगितली. आणि तुम्ही तुमचे ते प्रश्न विचारलेत. विचारणारच. काय म्हणाली ती? — नाही, सांगा. ऐकतो मी. राक्षसाला काय हवंय. पोर हवंय, बरोबर. का हवंय?

परत सांगा.

त्याने देवळात व्हय म्हाराजा म्हटलंय म्हणून.

नाटकात नाही हे. आमच्या नाटकात देऊळच नाही बाई. हे मी तिला त्या गोळ्याच्या दिवशी — तिने का, का विचारलं, तेव्हा सांगून टाकलं. मला वाटलं कळणार नाही. लहान आहे ना, म्हटलं काय कळतंय. आणि तिसरं? तिसऱ्याला काय म्हणाली? पोर नाही मिळालं तर राक्षसाचं काय होईल? मरेल, ना? सगळी पोरं तेच म्हणाली असतील, मरेल, देव मारील त्याला. ती काय म्हणाली?

रडेल.

मोरीत बसून. तोंडात टॉवेल धरून.

मला वाटायचं झोपलेत सगळे. मी खात्री करून उठायचो बाई. विमलाचा श्वास ऐकायचो, हिच्या तोंडाजवळ वाकून बघायचो, डोळे मिटलेले असायचे. मिटलेलेच असायचे.

आणि मग पोरांनी विचारलं असेल, राजकन्येने काय करायचं. विचारलंच कोणीतरी. सांगा आता, थांबू नका, एवढं सांगितलंत तर — जावं तिने? असं म्हणाली? जावं. आणि आईला कळू देऊ नये, नाही तर आई पण रडेल.

होळीपासून, बाई. होळीपासून ती हे घेऊन हिंडतेय. माझ्याजवळ येत नव्हती ती भीतीने नाही. आईजवळ राहून घेत होती. राहतील तेवढे दिवस. आणि मी तिला पुठ्ठा दाखवत होतो मुकुटाचा. बघ, खोटा आहे. बघ, बिस्किटाचं खोकं. आणि ती वाटी धरून उभी. माझी समजूत काढायला उभी होती ती. हे मी कोणाला सांगू? दादाला सांगू? वहिनीने परकर शिवून ठेवलाय, घडी घालून, देव्हाऱ्याखाली. देवाला जाऊन सांगू, की माझा व्हय परत दे? गावात तोंड दाखवायचं कसं? आणि इथे घरात दाखवायचं कसं? तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा ना काहीतरी. विचारा मला, याला काय हवंय. मला काय हवंय ते मला कळत नाहीये बाई. मला कोणी रडायला नको होतं, एवढंच. एकाने तरी रडायचंच असेल तर कोणी, हे मी ठरवायला बसलो होतो, आणि ते तिने ठरवून टाकलं. पाच वर्षांच्या पोरीने.

वाजली घंटा. सुटली काय? नको, इतक्यात नका सोडू, तुमच्या त्या बाईंना सांगा ना, जरा — मला तोंड पुसू दे. तिने बघायला नको. चंपा आली नाही अजून? नेहमी येते ना ती? आज मला बघून प्रभा घाबरेल, या वेळेला मी कधी येत नाही — ती बघा. ती आली. बघितलं तिने. निळी रिबीन.

येत नाही ती, बघा तुम्ही, तिथेच उभी राहील आता चपला घालून, चंपाची वाट बघत. सांगितलं ना तुम्हाला. मी हाक मारत नाही. मी मारणारच नाही.

येतेय.

बाई, हिने बोट धरलं माझं. बघा. आपणहून धरलं. पाटीची पिशवी पण खांद्याला लावून आली. — काय गो? काय म्हणतंस? — आज नाही गो. आज कुठे जायचं नाही. मी आपला असाच आलो होतो, बाईंकडे काम होतं. एसटी आज नाहीये. सोड. — ती विचारते, आईकडून नवा फ्रॉक घेऊन येऊ की नको. सोड गो बाय बोट. सोड म्हणतो ना. — बाई, हिला सांगा ना धरू नको म्हणून. तुमचं ऐकते ती. तुम्ही सांगितलंत तर — तुम्ही का रडताय? तुम्ही रडू नका, ती बघतेय तुमच्याकडे. आत जा तुम्ही. जा, बाई. दार लोटून घ्या.